एमकेडिर -पी -एम दिलं तरी मधल्या फोल्डरची परमिशन चुकते

पिवळी_पानं

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात जुन्या साप्ताहिकांचे बांधीव खंड आहेत. कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटलं की कडेचा चुरा टेबलावर पडतो. काही खंडांचं पुढच्या पावसाळ्यात काय होईल सांगता येत नाही, म्हणून आम्ही तिघी पाळीपाळीने स्कॅनिंग करतोय. सकाळी मी, दुपारी आमच्या ग्रंथपाल बाई, संध्याकाळी एक कॉलेजची मुलगी. लिनक्सचा संगणक एकच, पण लॉगिन तिघींची वेगळी, कारण कोणतं पान कोणी केलं ते फाइलच्या मालकावरून कळावं. तिघींचा एक ग्रुप आहे, 'वाचनालय'.

वर्षाचं फोल्डर आणि त्यात महिन्याचं, अशी रचना आहे. मी स्क्रिप्टमध्ये फोल्डर तयार करणाऱ्या एमकेडिर आज्ञेची ही ओळ ठेवली (-पी म्हणजे वाटेतली फोल्डरंही कर, -एम म्हणजे पुढच्या आकड्याची परमिशन दे, २७७० म्हणजे मालकाला आणि ग्रुपला सगळे हक्क, बाकीच्यांना काही नाही):

एमकेडिर -पी -एम २७७० /स्कॅन/१९५८/०४

एप्रिलचं काम छान झालं, तिघींच्याही फाइली आत गेल्या. पण संध्याकाळी मुलीने मे महिना सुरू करायला घेतला तर 'पर्मिशन डिनाइड'. बिचारी तासभर बसली आणि घरी गेली. खंड उघडून ठेवलेला, त्यावर झाकण म्हणून तिने आपली ओढणी घातली होती.

सकाळी मी स्टॅट -सी %ए करून परमिशनचे आकडे पाहिले. /स्कॅन २७७०, ०४ सुद्धा २७७०, पण मधलं १९५८ मात्र २७५५. मी तर २७७० सांगितलं होतं! ओळखीच्या एकाने "सगळ्याला ७७७ मार आणि मोकळी हो" (म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क दे) असं सांगितलंय. मन होत नाहीये. काय करू?

रात्रपाळी

ताई, ७७७ मारलं नाहीत ते फार बरं केलंत.

-एम चा आकडा फक्त शेवटच्या डिरेक्टरीला (म्हणजे फोल्डरला) लागतो. -पी मुळे वाटेत ज्या डिरेक्टऱ्या तयार होतात त्यांना तो लागतच नाही. त्या ७७७ मधून तुमचा यूमास्क (नव्या फाइल-फोल्डरमधून कोणते हक्क काढायचे तो आकडा) वजा करून बनतात (शिवाय मालकाला लिहायचा आणि आत जायचा हक्क ठेवूनच). तुमचा यूमास्क ०२२ असणार, म्हणून ७५५. पुढचा २ आला तो /स्कॅन कडून, कारण ग्रुपचा तो बिट वरच्या डिरेक्टरीकडून खालच्या डिरेक्टरीला वारशाने मिळतो. म्हणजे १९५८ चा ग्रुप बरोबर 'वाचनालय' आहे, पण त्या ग्रुपला तिथे लिहिता येत नाही. एप्रिलच्या आत सगळ्यांना मुभा, पण एप्रिलच्या शेजारी मे तयार करायची मुभा फक्त तुम्हाला.

ओळ अशी करा:

( यूमास्क ००७ && एमकेडिर -पी /स्कॅन/१९५८/०५ )

कंस विसरू नका. कंसामुळे यूमास्कचा बदल तेवढ्यापुरताच राहतो. -एम ची गरजच उरत नाही, दोन्ही पातळ्या २७७० होतात.

जी वर्षं आधीच तयार आहेत त्यांच्यावर हे चालवून फायदा नाही. डिरेक्टरी आधीपासून असेल तर -पी तिला हात लावत नाही, -एम दिलं तरी नाही, आणि तक्रारही करत नाही. या गप्प राहण्याने भलेभले फसतात. त्यांच्यासाठी एकदाच ही ओळ, फाइंड फोल्डरं शोधतं आणि सीएचमॉड त्यांची परमिशन बदलतं:

फाइंड /स्कॅन -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड जी+आरडब्ल्यूएक्सएस {} +

ज्या डिरेक्टऱ्या दुसऱ्यांच्या मालकीच्या आहेत त्यांच्यासाठी सुडो (रूट, म्हणजे संगणकाच्या मुख्य खात्याच्या हक्काने आज्ञा चालवणं) लागेल. '-टाइप डी' नक्की ठेवा, नाहीतर स्कॅनच्या फाइलींनाही एक्झिक्युटचा हक्क जाईल.

जुना_युनिक्सवाला

७७७ बद्दल थोडं सांगतो, कारण हा सल्ला मी फार ठिकाणी ऐकलाय आणि त्याने नुकसान झालेलंही पाहिलंय. फाइल पुसायची परवानगी फाइलवर नसते, ती फाइल ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर असते. स्कॅनची फाइल ४४४ (फक्त वाचता येईल अशी) करून ठेवली तरी डिरेक्टरीत लिहिता येणारा माणूस ती उडवू शकतो. डिरेक्टरी म्हणजे नावांची यादी, आणि यादीत लिहिता येणं म्हणजे यादीतून नाव खोडता येणं. ७७७ केलंत तर त्या संगणकावर लॉगिन असणाऱ्या कोणालाही तुमचं १९५८ साल पुसता येईल.

आणि -एम निरुपयोगी आहे असं समजू नका. आधी एमकेडिर आणि मग सीएचमॉड केलं तर दोन्हींच्या मध्ये एक क्षण डिरेक्टरी उघडी राहते. एमकेडिर -एम ७०० मध्ये ती जन्मालाच बंद येते. जुन्या युनिक्सवर ही फट फार महागात पडायची. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये कर्नलमध्येच (सिस्टीमच्या गाभ्यातच) एमकेडिर आलं. त्याआधी एमकेडिर हा रूटच्या हक्काने चालणारा प्रोग्राम होता. तो एमकेनॉड या कर्नलच्या सोयीने डिरेक्टरी बनवायचा आणि मग तिची मालकी तुमच्या नावावर करायचा. त्या मधल्या क्षणात कोणी डिरेक्टरी काढून तिच्या जागी पासवर्डच्या फाइलची लिंक ठेवली, तर पासवर्डची फाइलच त्याच्या मालकीची व्हायची.

ताई, तुमच्यासाठी अजून एक आकडा: ३७७०. पुढच्या ३ मध्ये ग्रुपचा २ आणि स्टिकीचा १ आहे. स्टिकी म्हणजे /टीएमपी या सगळ्यांच्या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरला असतो तोच. आत सगळ्यांना लिहिता येतं, पण दुसऱ्याची फाइल पुसता येत नाही. पुसू शकतो तो फाइलचा मालक, डिरेक्टरीचा मालक किंवा रूट.

पिवळी_पानं

दोघांचे मनापासून आभार. कंसाची ओळ घातली आणि १९५९ साठी चालवून पाहिली. वर्ष २७७०, महिना २७७०. संध्याकाळी मुलीने स्वतःच्या लॉगिनने जूनचं फोल्डर केलं आणि मला फोन केला, "ताई, झालं!"

३७७० मी लगेच लावलं आणि दुपारीच अडले. आमची पद्धत अशी की स्कॅन करणारी फाइलला तात्पुरता नंबर देते, आणि ग्रंथपाल बाई दाखल नोंदवही समोर ठेवून त्याचं नाव बदलून दाखल क्रमांक घालतात. स्टिकी लावल्यावर त्यांना माझ्या फाइलींची नावंच बदलता येईनात.

जुना_युनिक्सवाला

बरोबर आहे, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाव बदलणं म्हणजे यादीतलं जुनं नाव खोडून नवं लिहिणं, म्हणून स्टिकी तेही अडवतो. कामाच्या फोल्डरला २७७० च राहू द्या. तपासून झालेली पानं ठेवायला वेगळं फोल्डर करा, त्याला ३७७० द्या आणि त्याची मालकी तिघींपैकी कोणाचीही ठेवू नका, रूटची ठेवा. यासाठी एमकेडिरपेक्षा इन्स्टॉल सोयीचं:

सुडो इन्स्टॉल -डी -ओ रूट -जी वाचनालय -एम ३७७० /पक्के/१९५८

मालक, ग्रुप आणि परमिशन एकाच ओळीत होतं, आणि डिरेक्टरी आधीपासून असेल तरी ते तिला लागू होतं. मधल्या डिरेक्टऱ्यांना मात्र इथेही आकडा लागत नाही, म्हणून /पक्के आधी तयार करून घ्या.

रात्रपाळी

आणि स्कॅनइमेज (स्कॅन करणारी आज्ञा) ज्या स्क्रिप्टमधून चालतं तिच्या पहिल्याच ओळीत यूमास्क ००७ टाका. नाहीतर फाइली ६४४ होतील, म्हणजे ग्रुपला फक्त वाचता येतील. बाईंना नाव बदलता येईल, पण वाकडं आलेलं पान सरळ करून त्याच फाइलवर सेव्ह करता येणार नाही.

पिवळी_पानं

अगदी तेच होत होतं! बाई प्रत्येक वेळी 'नवीन' असं नाव देऊन दुसरी प्रत ठेवायच्या, आणि मला वाटायचं त्यांना तशीच सवय आहे. एकट्या एप्रिलमध्ये अशा एकतीस प्रती निघाल्या. यूमास्क टाकला, आज सकाळच्या फाइली ६६० आल्यात. /पक्के/१९५८ तयार आहे, जानेवारीची पानं दुपारी बाई स्वतः त्यात हलवणार आहेत.