पित्ताशय काढलं, तरी खडा आत राहिला. ऑपरेशनमध्येच कळत नाही का?

सातारची लेक:
नमस्कार. आईचं (वय 58) पित्ताशय श्रावणात दुर्बिणीने काढलं. तिसऱ्या दिवशी घरी आली, आठवड्याभरात पोळ्या लाटायला लागली. एकोणिसाव्या रात्री पोटात कळ, उलट्या. सकाळी बघते तर डोळे पिवळे, लघवी हळदीच्या पाण्यासारखी. पुण्याला नेऊन ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिका मोकळी करणं) केली. मुख्य पित्तनलिकेतून 7 मिमीचा खडा निघाला, आत स्टेंट (पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी) ठेवलाय. आता बरी आहे.

पण दुर्बीण आत होती, टीव्हीवर सगळं मोठं दिसत होतं, मग हा खडा दिसला कसा नाही? आधीच्या सोनोग्राफीत 'सीबीडी (म्हणजे हीच मुख्य पित्तनलिका) नॉर्मल' लिहिलंय. भाऊ डॉक्टरांशी भांडायला निघालाय. पुढच्या महिन्यात काकांचंही हेच ऑपरेशन आहे, म्हणून जास्त धास्ती.

जुना ओटीवाला:
ताई, दुर्बिणीला नळी बाहेरून दिसते, तीही चरबीखाली. आत काय अडकलंय ते तिला कुठून कळणार?

मी सत्तावीस वर्षं ओटीत (ऑपरेशन थिएटरात) काढली, त्यातली बरीच सी-आर्म, म्हणजे चाकांवरचं एक्स-रे मशीन, ढकलण्यात. आत बघायचं तर डाय टेस्ट, म्हणजे नळीत एक्स-रेवर दिसणारा डाय सोडून बघायचं. पित्ताशयाच्या देठाला वर क्लिप मारायची, खाली बारीक काप देऊन कॅथेटर सरकवायचं. माझ्या ट्रॉलीवर दोन सिरिंज, एकीत सलाइन, एकीत डाय, दोन्हींवर चिकटपट्टीवर नाव. डाय निम्म्याने पातळ करायचा. घट्ट सोडला की स्क्रीनवर नळी काळीभोर होते आणि बारीक खडा त्यात बुडून जातो.

खरा घोळ घालतो तो हवेचा बुडबुडा. हुबेहूब खड्यासारखा गोल! मग टेबल डोक्याकडून वर उचलायचं. बुडबुडा यकृताकडे पळतो, सुटा खडा खाली उतरतो. अडकलेला असला तर डाय त्याच्यापाशी चंद्रकोरीसारखा थबकतो, आतड्यात पडत नाही. तरी आमचे सर घाई करायचे नाहीत. "आधी बस्कोपॅन द्या," म्हणायचे. कधी नळीचं तोंडच आवळलेलं असतं, ते या औषधाने सैल झालं की डाय सुळकन उतरतो. सलाइनने धुतल्यावर बारके खडे आतड्यात निघून गेलेलेही पाहिलेत.

सगळ्यांची करत नव्हतो, हेही सांगतो. पंधरा-वीस मिनिटं जादा, अंगावर शिशाचे एप्रन, आणि लहान गावात एकुलता एक सी-आर्म नेमका हाडांच्या केसमध्ये अडकलेला.

टाकेवाला:
सर्जन आहे. वरचं सगळं बरोबर. सोनोग्राफीत पित्तनलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसमागे लपतं. 'नॉर्मल' म्हणजे नळी फुगलेली नाही, साधारण 6 मिमीच्या आत आहे. खडा नाहीच, अशी हमी त्यात नसते. शिवाय ऑपरेशनात पित्ताशय ओढताना एखादा बारीक खडा देठातून खाली घसरू शकतो.

डाय टेस्ट अर्जेंटिनाच्या मिरिझ्झींनी 1931 साली सुरू केली. ती सगळ्यांची करावी की निवडक पेशंटचीच, यावर आम्ही अजून भांडतोय. मी निवडकवाला. काही ठिकाणी पोटात घालायचा सोनोग्राफीचा प्रोब असतो, त्यात डाय नाही, किरण नाहीत, पण हात बसायला वेळ लागतो. हल्ली हिरव्या आयसीजीचं (खास कॅमेऱ्यात चमकणारा रंग) कौतुक ऐकाल. त्याने नळ्यांची वाट छान दिसते, पण खडे शोधायला ते कामाचं नाही.

काकांचं एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करा. पूर्वी कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज आली असेल तर आवर्जून सांगा. शंका वाटली तर आधीच एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) करता येते. आणि टेबलावर डाय टेस्टची सोय आहे का, हे सरळ विचारा, डॉक्टरांना राग येत नाही (आला तर दुसरे गाठा). आईचा स्टेंट मात्र वेळेवर काढा. विसरलेला स्टेंट तुंबून ताप-कावीळ घेऊन आलेले पेशंट मी बघतो.

कोकणी माणूस:
डॉक्टर डॉक्टरला सांभाळून घेणारच. फाइल मागून घ्या आधी.

सातारची लेक:
सगळ्यांचे आभार. काका उद्या रक्त देतायत. स्टेंट 14 तारखेला काढायचाय, कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

फाइल घरीच होती. ऑपरेशनआधीचं बिलिरुबिन 1.1. अल्कलाइन फॉस्फेटेस (पित्ताची वाट अडली की वाढतं ते) 212, लॅबची मर्यादा 128. त्या 212 भोवती कुणीतरी निळ्या पेनाने गोल केलाय. आमच्या घरात निळं पेन नाही.

भावाला अजून दाखवलेलं नाही.