मदत हवी आहे: एमजीबीचा क्लच पूर्ण सुटत नाही, इंजिन न उतरवता काय तपासू?

मंडळी, गाडी १९७२ची एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १७९८ सीसी, चारही गिअर सिंक्रोवाले (खरखर न होता गिअर पडावा अशी सोय असलेले). मी इंग्लंडात लेस्टरला असतो, कामं घरच्याच गॅरेजात करतो.

इंजिन चालू असताना रिव्हर्स टाकला की खर्रर्र आवाज येतो आणि पहिला गिअर जोर लावून घालावा लागतो. इंजिन बंद असेल तर सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. क्लच घसरत मात्र नाही, चढावरही ओढ चांगली आहे.

आतापर्यंत स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लचचा दांडा ढकलणारा) आणि रबरी होज नवीन टाकले. डॉट ४ ब्रेक ऑइल भरून आधी नेहमीसारखं, मग सिरिंजने खालून वर, असं दोनदा ब्लीड केलं, म्हणजे आतली हवा काढली. पेडल भराभर दोन-तीनदा मारूनही फरक पडत नाही, म्हणजे हवा नसावी. गळती कुठेच नाही, पेडलबॉक्सही कोरडा.

पेडल पूर्ण दाबल्यावर स्लेव्हचा पुशरॉड जेमतेम ९ मिमी सरकतो. खरं तर तो साधारण अर्धा इंच सरकायला पाहिजे. पेडलला मास्टर सिलिंडरच्या दांड्याशी जोडणारी क्लेव्हिस पिन काढली तर तिला चांगलीच खाच पडलेली आणि पेडलचं भोकही लांबट झालंय. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेलाचा दाब तयार करणारा) जुनाच आहे, किती जुना देव जाणे.

या गाडीत क्लचला हात लावायचा तर इंजिन बाहेर काढावं लागतं, आणि माझ्याकडे होइस्ट (इंजिन उचलायचं यंत्र) नाही. म्हणून नेमकं विचारायचंय: फक्त पिन आणि भोकाच्या झिजेने स्लेव्हला ३-४ मिमी कमी पडू शकतात, की मास्टरचं सील आतल्या आत दाब सोडतंय? आणि मास्टर न उतरवता हे ओळखायचं कसं?