नंबरचा गॉगल आणि सोलापूरचं ऊन

दादा, सायकलिंगसाठी नंबरचा गॉगल विचारलात. तुमचा नंबर -४.५ आणि मन बसलंय कानापर्यंत वळणाऱ्या गॉगलवर, तिथेच जरा थांबा. एवढ्या गोलाईच्या फ्रेममध्ये मोठा नंबर घातला की कडेला रस्ता वाकडा दिसतो, डोकं जड होतं. मी -५ वाला. शेवटी कमी गोलाईची, पण डोळ्यांना बऱ्यापैकी झाकणारी फ्रेम घेतली. काच पॉलिकार्बोनेटचीच घ्या, खडा उडाला तर सहजासहजी फुटत नाही. यूव्ही ४००, म्हणजे उन्हातली अतिनील किरणं अडवणारी काच, हवीच.

फोटोक्रोमिकचं, म्हणजे उन्हात आपोआप गडद होणाऱ्या काचेचं म्हणाल तर ती उष्णतेत कमी गडद होते. म्हणजे आपल्या मे महिन्यात, नेमकी गरज असते तेव्हाच अंगचोरपणा! त्यापेक्षा कायमचा तपकिरी रंग बरा. पहाटे हैदराबाद रोडने बोरामणीकडे निघालं की सूर्य थेट तोंडावर येतो, तेव्हा त्याची किंमत कळते. अंधारात निघायचं असेल तर नेहमीचा चष्मा घाला, गॉगल खिशात.

पोलराइज्ड, म्हणजे चकाकी कापणारी काच मी टाळतो. हँडलवरच्या मीटरचा स्क्रीन काही कोनांतून काळा दिसतो, शिवाय रस्त्यावर सांडलेल्या तेलाची चकाकी लपते. दुकानात जाताना हेल्मेट मात्र न्या, गॉगलच्या दांड्या त्याच्या पट्ट्यात अडकतात.