मदत हवी आहे: माळावर एकटा सोडलेला डीजीपीएसचा बेस चोरांपासून कसा सांभाळता?

दुष्काळी_मोजणीदार

मंडळी, मी खाजगी मोजणीची कामं घेतो. सध्या जत तालुक्यात एका सोलर प्रकल्पाच्या जागेचा काँटूर (समान उंचीच्या रेषांचा) सर्व्हे चालू आहे. माझ्याकडे उपग्रहांवरून अचूक जागा मोजणाऱ्या डीजीपीएसचा एकच जोड, म्हणजे एका जागी ठेवायचा बेस आणि घेऊन फिरायचा रोव्हर, सोबत एक हेल्पर. बेस टेकाडावर लावायचा, रोव्हरला करेक्शन (मोजणीतल्या चुकीची दुरुस्ती) पाठवणारा रेडिओ चालू करायचा आणि दोघांनी रोव्हर घेऊन दोन-तीन किलोमीटर लांब जायचं. तिथून बेस दिसतसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात बेसजवळची १२ व्होल्टची बॅटरी, बाहेरचा रेडिओ आणि त्याचा अँटेना गेला. रिसीव्हर मात्र स्टँडवर जागच्या जागी! म्हणजे नेणाऱ्याला भंगारातल्या बॅटरीचा भाव पाठ होता, वर बसलेल्या काही लाखांच्या डब्याचा नव्हता. यात समाधान मानावं की काय, कळेना. रोव्हरचा फिक्स (सेंटीमीटरची अचूकता) तुटला तेव्हा आधी वाटलं टेकडी आड आली असेल.

पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. विमाही आहे, पण एजंटने कलम दाखवलं: कोणी राखणीला नसताना उघड्यावर ठेवलेल्या वस्तूची चोरी त्यात बसत नाही. आता बेस ही लावून निघून जायचीच वस्तू, त्याला काय करणार?

हेल्परला बेसपाशी बसवला तर वेड्या बाभळीतून वाट कोण काढणार आणि चुन्याच्या खुणा कोण मारणार? साखळी-कुलूप आणलंय, पण माळावर बांधायला धड झाड नाही. तुम्ही काय करता?

बांधावरचा

ज्याच्या रानात बेस लावता त्याच्याच घरातला माणूस रोजाने बसवा. बाहेरचा आणू नका. आधी पोलीस पाटलांना भेटून काय काम आहे, किती दिवस आहे ते सांगून ठेवा. निम्म्या वेळा लोकांना वाटतं की जमीन काढून घ्यायला आलेत, मग यंत्र गायब होतं ते चोरीसाठी नव्हे, रागाने.

बसणाऱ्याला छत्री आणि पाणी द्या आणि एवढंच बजावा की स्टँडला हात लावायचा नाही आणि शेळ्या जवळ आल्या तर हाकलायच्या. शेळी पायाला अंग घासून गेली तर फोन करायचा. बेस चोरीला गेला तर काम तिथंच थांबतं. नुसता सरकला तर रोव्हर दिवसभर झोकात फिक्स दाखवतो आणि सगळे पॉइंट चुकीचे येतात.

दुष्काळी_मोजणीदार

दादा, पटलं. पण एकरी दर इतका पडलाय की अजून एका माणसाचा रोज काढला तर माझा रोज सुटत नाही.

फ्लोट_नको

मग बेस माळावर लावताच कशाला? गावात ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या गच्चीवर परवानगी काढून लावा आणि जिन्याच्या दाराला कुलूप घाला.

लांब पडेल म्हणून बिचकू नका. बहुतेक रिसीव्हरच्या माहितीपत्रकात आरटीकेची (जागेवरच करेक्शन घेऊन मोजण्याची) आडवी अचूकता ८ मिमी + १ पीपीएम अशी दिलेली असते. १ पीपीएम म्हणजे किलोमीटरमागे १ मिमी. बेस ५ किलोमीटर लांब नेला तर ५ मिमीची भर पडते. उंचीतही किलोमीटरमागे साधारण तेवढीच. अर्ध्या मीटरच्या काँटूरला त्याने काय फरक पडतो?

रेडिओ तिथून पोचणार नाही. दोन्हीकडे सिम घाला आणि करेक्शन इंटरनेटवरून पाठवा. मग ती जड बॅटरी आणि रेडिओ रानात न्यायचं कामच उरत नाही, आणि तुमचं तेच गेलं ना? साइटवर रेंज नसेल तर दोन्हीकडे कच्चा डेटा रेकॉर्ड करून घरी पीपीके करा, म्हणजे करेक्शनचा हिशेब नंतर संगणकावर काढा. फिक्स आला की नाही ते रात्री कळतं, एवढा त्रास आहे.

गच्चीवर पाण्याची टाकी, पत्र्याची शेड आणि सोलर हीटर यांच्यापासून लांब बसा, नाहीतर परावर्तित सिग्नल घोळ घालतात. पक्की खूण करून ती साइटवरच्या दोन कंट्रोल पॉइंटशी (जागा पक्की ठाऊक असलेल्या खुणांशी) जोडून घ्या. रोज सकाळी रोव्हर आधी त्यातल्या एका पॉइंटवर धरून बघा, मगच कामाला लागा.

बांधावरचा

कॉर्स, म्हणजे सरकारी कायमचे बेस, वापरा की. राज्यात ७७ स्थानकं आहेत, भारतीय सर्वेक्षण विभागाकडे नोंदणी केली की एकट्या रोव्हरवर काम होतं. बेसच नाही तर चोरणार काय?

फ्लोट_नको

तेही चालेल, पण रेंजशिवाय तेही नाही. स्वतःचा बेस मोडीत काढू नका.

गॅरेजबाबू

मी दुरुस्तीचं काम करतो. रिसीव्हर, कंट्रोलर, रेडिओ, सगळ्यांचे सिरीयल नंबर फोटो काढून बिलासोबत ठेवा आणि तक्रारीत ते नंबर लिहूनच घ्या. ‘एक मशीन’ असं लिहिलं तर उद्या सापडलं तरी ते तुमचंच हे दाखवणार कसं? विक्रेत्यालाही लगेच कळवा. ज्या रिसीव्हरला मुदतीचा रजिस्ट्रेशन कोड लागतो, तो नेणारा कधीतरी कोडसाठी फोन करतोच.

ट्रॅकर घ्यायचा तर सिमवाला घ्या, बाईकला लावतात तसला, आणि बॅटरीच्या पेटीत आतून बसवा. चावीला लावायचे ते ब्लूटूथचे टॅग माळावर निरुपयोगी, कारण जवळून कोणाचा तरी फोन गेला तरच ते जागा कळवतात.

दुष्काळी_मोजणीदार

सगळ्यांचे आभार. माझ्या रिसीव्हरला सिमची खाच आहे, आजवर उघडलीसुद्धा नव्हती. साइटच्या खालच्या अर्ध्या भागात रेंज येते, ओढ्याच्या पलीकडे नाही. तिकडचं पीपीकेने काढतो. सरपंचांशी बोललो, शाळेच्या गच्चीची चावी मिळेल. फक्त शाळा सुटायच्या आत उतरावं लागेल, नाहीतर शिपाईमामा कुलूप लावून जातील आणि बेस रात्रभर वरच!

विम्याचं मात्र अजून अडलंय. राखण नसलेल्या यंत्राची चोरीही धरणारी पॉलिसी कोणी घेतली आहे का, आणि क्लेम खरोखर मिळाला का? कंपनीचं नाव इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.