केक पॉपच्या कवचाला तडे आणि वर घाम: दमट हवेत काय करायचं?

सुरंगी (वेंगुर्ला)
वाढदिवसासाठी 40 केक पॉप (काडीवरचे, चॉकलेटमध्ये बुडवलेले केकचे गोळे) करायचे आहेत. नमुन्याचे दोन घाणे झाले, दोन्हींत त्याच अडचणी. माप असं: साधा व्हॅनिला स्पंज 300 ग्रॅम, बटरक्रीम 150 ग्रॅम. गोळे तासभर फ्रीझरमध्ये ठेवले, काड्या खोचल्या आणि वितळवलेल्या डार्क कंपाउंड चॉकलेटमध्ये बुडवले. चारपाच गोळे काडीवरून घसरून चॉकलेटमध्येच पडले. उरलेल्यांना अर्ध्या तासात काडीपासून वरपर्यंत तडे गेले आणि वर पाण्याचे थेंब जमले. दुसऱ्या दिवशी दोघातिघांच्या काडीपाशी तेल पाझरलेलं दिसलं. नेमकं कुठे चुकतंय?

आडसर
सुरंगीताई, चारही अडचणींचं मूळ दोन गोष्टींत आहे: बटरक्रीम जास्त आणि गोळा फार गार.

आधी माप. 300 ग्रॅम स्पंजला 150 ग्रॅम बटरक्रीम म्हणजे हवं त्याच्या दुप्पट झालं. 60 ते 75 ग्रॅम पुरे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर बटरक्रीम नकोच. लोणी 32-35 अंशांना वितळतं आणि मे महिन्यात दुपारी स्वयंपाकघर तेवढं तापलेलं असतं. त्याऐवजी घट्ट गनाश घ्या: 45 ग्रॅम डार्क कंपाउंड आणि 22 ग्रॅम फ्रेश क्रीम. हे थंड झालं की सुरीने कापता येईल इतकं घट्ट होतं. काडीपाशी पाझरलेलं तेल त्या जास्तीच्या लोण्याचंच.

स्पंज आदल्या दिवशीचा असावा. वरची तांबूस साल आणि कडेचा कडक भाग काढून टाका, नाहीतर गोळ्यात गुठळ्या राहतात. हाताने चुरून रव्यासारखा झाला पाहिजे. गनाश एकदम ओतू नका. आधी दोन तृतीयांश घाला, मळा आणि मूठ वळून बघा. वळलेली मूठ बोटाने दाबली की फुटायला हवी, पण भुगा होता कामा नये. बोटांना चिकटत असेल तर ओलावा जास्त झालाय, त्यात थोडा चुरा घाला. बेकरीतला मावा केक वापरणार असाल तर तो मुळातच तुपकट असतो, त्याला 25-30 ग्रॅम गनाश खूप झालं. धोंडसाचे (काकडीच्या केकचे) उरलेले तुकडे चालतील का, असं दरवेळी कुणीतरी विचारतं. नाही चालत. त्यात काकडीचा ओलावा असतो, गोळा लगदा होतो.

वजन प्रत्येकी 30 ग्रॅम, आणि तेही काट्यावर. डोळ्यांनी मोजलेला गोळा हमखास 40 च्या वर जातो आणि 40 चा गोळा काडी पेलत नाही. आधी मुठीत दोनतीनदा करकचून दाबा, मग तळहातांवर गोल करा. नुसता वळलेला गोळा आतून पोकळ राहतो, नंतर फुगतो आणि कवच फोडतो.

आता तडे. फ्रीझरमध्ये गोळा आकसतो. त्यावर चॉकलेट झटकन आवळतं. मग बाहेरच्या उष्णतेने आतला गोळा पुन्हा फुगू लागतो आणि कवच तडकतं. तडा काडीपासून निघतो, कारण तिथे आधीच भोक पडलेलं असतं. फ्रीझर पूर्ण बंद. फ्रीजमध्ये 20-25 मिनिटं ठेवा, तीही झाकणाच्या डब्यात.

घामाचं कारण हवा. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर 26 अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी जमतं. तुमचा गोळा शून्याखाली होता. डबा फ्रीजमधून काढल्यावर झाकण लगेच उघडायचं नाही. पाणी डब्यावर जमेल, गोळ्यावर नाही.

बंदरवाट
वरच्या सगळ्याशी सहमत. आता चॉकलेटबद्दल.

कंपाउंड घेतलंत ते बरोबर केलंत. पाकिटावरचे घटक वाचा: व्हेजिटेबल फॅट असेल तर ते कंपाउंड. नुसतं कोको बटर असेल तर त्याला टेंपरिंग लागतं. डार्क 45-50 अंशांपर्यंत वितळवायचं, 28 पर्यंत उतरवायचं, मग पुन्हा 31-32 वर आणून काम करायचं. ज्या घरात हवाच 32 अंश आहे तिथे हे जमवण्याचा अट्टाहास करू नये.

12 गोळ्यांना 400 ग्रॅम वितळवा. लागतं यातलं निम्म्याहूनही कमी, पण खोली हवी. पसरट वाडगं नको, उंच अरुंद पेला घ्या. डबल बॉयलरपेक्षा मायक्रोवेव्ह बरा: निम्म्या पॉवरवर 30-30 सेकंद, दरवेळी ढवळून. मायक्रोवेव्ह नसेल तर पाणी उकळून गॅस बंद करा आणि मग त्यावर भांडं ठेवा. भांड्याची कड पातेल्यावर नीट बसली पाहिजे, कारण वाफेचा एक थेंब आत गेला तरी चॉकलेट घट्ट गोळा होऊन बसतं. तसं झालं तर ते कोटिंगला गेलं असं समजा. गरम क्रीम घालून त्याचं गनाश करा, पुढच्या घाण्यात खपेल.

बुडवताना चॉकलेट 38-40 अंशांवर असावं. बोट लावलं तर जेमतेम कोमट लागतं. दाट वाटलं तर 200 ग्रॅमला एक चमचा (5 मिली) तेल, त्याहून जास्त नाही. दूध, पाणी, लोणी यांतलं काही घालू नका. घाण्यावरचं खोबरेल तेल घरात असतंच, पण त्याचा वास चॉकलेटवर चढतो. रिफाइंड घ्या.

काडीचं टोक सव्वा सेंटिमीटर चॉकलेटमध्ये बुडवून गोळ्यात निम्म्यापर्यंतच खुपसा. पार गेली की गोळा खाली सरकतो. पाच मिनिटं तसंच राहू द्या. ती चॉकलेटची गाठ म्हणजेच डिंक, ती सुकायच्या आत बुडवलं तर गोळा पेल्यात पडणारच. लोक माडाच्या हिरांच्या काड्या वापरून बघतात. हीर बारीक आणि लवचिक असतो, त्यावर गोळा भोवरा होतो. चार इंची कागदी काडी घ्या.

बुडवायचं सरळ खाली आणि सरळ वर, ढवळल्यासारखं फिरवायचं नाही. काडीभोवती चॉकलेटचा गळा पूर्ण बंद झाला का ते बघा. मग काडी तिरपी धरून पेल्याच्या कडेवर मनगट हलकेच आपटत जा आणि काडी बोटांत फिरवत राहा. गोळ्यावर आपटू नका. जास्तीचं चॉकलेट तारेसारखं निथळायचं थांबलं की झालं. उभं करायला थर्माकोल नसेल तर तांदळाने भरलेला डबा पुरतो.

सुरंगी (वेंगुर्ला)
खूप उपयोग झाला. दोन शंका. घरात एसी नाही, मग डबा बाहेर किती वेळ ठेवायचा? आणि निम्मे पिवळे हवेत. पांढऱ्या कंपाउंडमध्ये जेल रंग घातला तर त्याचा दगड झाला. आतही आंब्याची चव आणता येईल का?

काजूबोंड
जेल रंगात पाण्याचा अंश असतो, म्हणून दगड झाला. चॉकलेटसाठी तेलात विरघळणारा रंग वेगळा मिळतो, तो घ्या. पावडर रंग असेल तर चमचाभर तेलात खलून घाला. पांढरं कंपाउंड लवकर करपतं, ते डार्कपेक्षा कमी वेळ आणि जास्त ढवळत वितळवा.

आंब्याचा कच्चा रस अजिबात नको, पाणी फार. रस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आटवा, 150 ग्रॅमचा साधारण 50 ग्रॅम होईपर्यंत. उलथनं फिरवल्यावर कढईचा तळ दिसला आणि रेघ भरून आली नाही, की उतरवा. गार झाल्यावर 300 ग्रॅम स्पंजला हा 50 ग्रॅम मावा आणि 20 ग्रॅम वितळवलेलं पांढरं कंपाउंड. हे मिश्रण गनाशपेक्षा मऊ असतं, म्हणून गोळा 25 ग्रॅमचाच ठेवा. ओला नारळ आत घालू नका, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतो. डेसिकेटेड चालतो.

सजावटीत फॉन्डंटची (साखरेच्या लगद्याची) फुलं टाळा, आपल्या हवेत ती चिकट होऊन ओघळतात. साखरेचे रंगीत दाणे फ्रीजमध्ये रंग सोडतात. भाजलेल्या काजूचा जाडसर चुरा सगळ्यात भरवशाचा, पण निथळणं थांबल्यापासून 10-15 सेकंदांत लावा, नंतर तो चिकटत नाही. रेघा मारायच्या तर कवच पूर्ण आवळू द्या आणि चॉकलेट भरलेल्या कोनाचं टोक जेमतेम 1 मिमी कापा. आंबापोळीची पानं छान दिसतात: कात्रीला किंचित पिठीसाखर लावून बदामाच्या आकारात कापा आणि चॉकलेटच्या थेंबाने चिकटवा. मात्र वाढायच्या तासभर आधी, आधी लावलीत तर कडा वळतात.

आडसर
एसी नसेल तर पहाटे पाच ते सातमध्ये उरका. गोळे आदल्या रात्री वळून डबाबंद करून फ्रीजमध्ये ठेवा. इतका वेळ आत राहिलेला डबा बाहेर काढून झाकण न उघडता पाऊण तास ठेवायचा. गोळा बोटाला गार लागेल पण ओला नको. ओला दिसला तर पंख्याखाली कोरडा होऊ द्या, पुसू नका. एवढ्याने तो मऊ पडत असेल तर मिश्रणात गनाश जास्त झालंय, चुरा वाढवून पुन्हा वळा.

बुडवल्यावर पंख्यात कवच आवळत नसेल तर पाचच मिनिटं फ्रीजमध्ये. तेवढ्यात फक्त कवच गार होतं, आतला गोळा नाही, म्हणून तडा जात नाही. बाहेर काढल्यावर थोडं धुकं येईल. दहा मिनिटं हात लावू नका, ते उडून जातं. बोट लावलंत तर ठसा कायमचा.

क्रीम असल्याने बाहेर त्याच दिवशीचे खावेत, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. गाडीने न्यायचे असतील तर काडी वर आणि गोळा खाली ठेवून बटर पेपरवर सुकवा. बूड सपाट होतं आणि डब्यात लोळत नाहीत. 40 नगांना स्पंज सव्वा किलो लागेल, चार घाण्यांत करा. एकदम मळलं तर शेवटचे गोळे वळेपर्यंत मिश्रण सुकतं आणि त्यांना भेगा पडतात.