वर टेबल, खाली मायटर
भावा, टेबल सॉ (टेबलातनं वर आलेल्या पात्यावर लाकूड सरकवून चिरायची करवत) आणि मायटर सॉ (पातं वरनं खाली आणून कोनात कापायची करवत) दोन्ही एकाच मशीनमध्ये घ्यावं का विचारलंयस. माझ्याकडे दोन वर्षं आहे. शिवाजी पेठेतल्या दहा बाय दहाच्या खोलीत दुसरं मावतच नव्हतं. मायटर म्हणून झकास! फ्रेमचे ४५ अंशाचे कोपरे बरोबर गुण्यात बसतात. वरच्या टेबलाचं मात्र तसं नाही. पातं वर थोडंच येतं, म्हणून टिंबर मार्केटातनं आणलेलं तीन इंची सागवान एका फेरीत चिरत नाही. फेन्स, म्हणजे लाकूड टेकवायची पट्टी, तीही सरकते, मी दर वेळी पात्याच्या पुढनं-मागनं टेपनं मोजतो. टेबलावर चिरताना मुंडकं, म्हणजे मोटर-पात्याचा वरचा भाग, खाली लॉक कर, पात्याचं खालचं कव्हर लाव. एकदा विसरलो होतो, अजून काटा येतो अंगावर. आठ बाय चारचा प्लाय? तो दुकानातनंच कापून आण.