कॉन्सर्ट फिल्म आणि तिचा लाइव्ह अल्बम: कार्यक्रम एकच, मग आवाज इतका वेगळा का?

खर्ज_षड्ज (प्रश्न)

एकाच कार्यक्रमाची ब्लू-रे, पाल (युरोप-भारतातल्या टीव्ही पद्धतीची) डीव्हीडी आणि लाइव्ह अल्बमची सीडी आलटून पालटून ऐकतोय. तीन गोष्टी खटकतात.

ब्लू-रेचा ५.१ (सहा चॅनलचा सराउंड) ट्रॅक दोन स्पीकरवर लावला की किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पोकळ होतो आणि टाळ्या-शिट्ट्या गायकाच्या अंगावर येतात. सीडीवर यातलं काही नाही. डीव्हीडी सीडीपेक्षा चढ्या पट्टीत वाजते, ब्लू-रे मात्र सीडीच्याच पट्टीत आहे. आणि त्याच डीव्हीडीवरचा डीटीएस ट्रॅक डॉल्बी डिजिटलपेक्षा (दोन्ही सराउंड आवाज साठवायच्या पद्धती) भरदार वाटतो.

यात मिक्सचा भाग किती आणि प्लेअरच्या कारभाराचा किती, हे वेगळं कसं करायचं? हाताशी संगणक, ऑडॅसिटी (आवाज संपादनाचा प्रोग्राम), बरे हेडफोन आणि दोन स्पीकर आहेत. सबवूफर नाही.

फेडर_खाली

तिसऱ्या मुद्द्यापासून धरू, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. डॉल्बी डिजिटलमध्ये डायलनॉर्म नावाचा, ट्रॅकमधल्या बोलण्याची सरासरी पातळी सांगणारा एक आकडा असतो. तो उणे ३१ असेल तर डिकोडर आवाजाला हात लावत नाही. उणे २७ असेल तर सगळा ट्रॅक ४ डेसिबलने खाली आणतो. डीटीएसवर बहुधा अशी कपात नसते. चार डेसिबल मोठा आवाज कुणालाही 'भरदार' वाटणारच. शिवाय प्लेअरमधलं नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज कंट्रोल चालू असेल तर डॉल्बीचे ठोके आणखी दाबले जातात. ते बंद करा, मग दोन्ही ट्रॅक एका पातळीवर आणून ऐका. उरलेला फरक फार थोडा असतो.

आता किक ड्रमचं. ५.१ मधला '.१' म्हणजे एलएफई, फक्त खर्जासाठीचा चॅनल, साधारण १२० हर्ट्झपर्यंतचा. सहा चॅनल दोनमध्ये उतरवताना बहुतेक प्लेअर तो सरळ टाकून देतात. मिक्स करणाऱ्याने किकचं पोट तिथे ठेवलं असेल तर तुम्हाला फक्त काठीचा टकटकाट ऐकू येणार. सराउंड (मागचे) चॅनल मात्र टाकले जात नाहीत, ते ३ डेसिबल कमी करून पुढच्या डाव्या-उजव्यात मिसळले जातात. सराउंडमध्ये असतात प्रेक्षकांतले माइक. टाळ्या अंगावर येतात त्या यामुळे.

त्यातही एक बारकावा आहे. स्टेजपासून ३० मीटरवरच्या माइकला आवाज पोचायला सुमारे ८७ मिलिसेकंद लागतात. मागच्या स्पीकरमधून तो उशीर सभागृहाचा ऐसपैसपणा वाटतो; तोच पुढे आणला की स्नेअर ड्रमच्या प्रत्येक ठोक्यामागे दुसरा, मळका ठोका ऐकू येतो. अल्बमचं मिक्स करताना हे माइक बहुधा वेळेत पुढे सरकवून जुळवतात, किंवा गाणं संपल्यावरच उचलतात.

उपाय: आधी डिस्कच्या मेन्यूत स्टिरिओ पीसीएम (दोन चॅनलचा, कॉम्प्रेस न केलेला) ट्रॅक आहे का बघा. कॉन्सर्टच्या डिस्कवर तो पुष्कळदा असतो, आणि वेगळं मिक्स केलेला असतो. सीडीशी तुलना करायची ती त्याची.

तो नसेल तर ५.१ ट्रॅक ऑडॅसिटीत सहा स्वतंत्र पट्ट्यांमध्ये उघडा. क्रम सहसा डावा, उजवा, मधला, एलएफई, मागचा डावा, मागचा उजवा. सगळ्या १२ डेसिबल खाली आणा, नाहीतर बेरजेत क्लिपिंग होईल, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटेल. मग त्या पातळीच्या तुलनेत: मधला चॅनल दोन्ही बाजूंना उणे ३, मागचे आपापल्या बाजूला उणे ९ (पुरत नसेल तर म्यूट करून बघा), एलएफई दोन्ही बाजूंना अधिक ४. एलएफई वाजवताना १० डेसिबल वर धरायचा असतो, आणि दोन स्पीकरमधून तोच खर्ज आला की सुमारे ६ डेसिबलची भर आपोआप पडते, म्हणून ४. शेवटी एलएफईची पट्टी 'इन्व्हर्ट' करून किक पुन्हा ऐका. उलटं केल्यावर किक जास्त जाड लागला तर तेच ठेवा. फिल्टरमुळे फेज (लहरींची एकमेकींशी जुळणी) सरकलेला असू शकतो.

पट्टी_चढली

डीव्हीडीच्या पट्टीबद्दल. मूळ चित्रण सेकंदाला २४ फ्रेमचं असेल तर पाल डीव्हीडीवर ते २५ने धावतं. वेग ४.१७ टक्के जास्त, सूर ७१ सेंट वर, म्हणजे अर्ध्या स्वरापेक्षा थोडं कमी. पेटीच्या भाषेत, पांढरी सहामधलं गाणं काळी पाचकडे निघतं पण पोचत नाही. ५ मिनिटांचं गाणं ४ मिनिटं ४८ सेकंदांत आटोपतं. व्हिडिओ कॅमेऱ्याने २५लाच चित्रण केलेल्या कार्यक्रमात हा प्रकार नसतो.

ऑडॅसिटीत 'चेंज स्पीड अँड पिच' घ्या, गुणक ०.९६० टाका. 'चेंज पिच' किंवा 'चेंज टेम्पो' नको, त्यांनी झांजांची वाट लागते. पण आधी दोन ठळक ठोक्यांमधलं अंतर सीडीवर आणि डीव्हीडीवर मोजा. काही डीव्हीडींवर सूर आधीच दुरुस्त केलेला असतो: वेळ कमी, पट्टी बरोबर. तिथे वेग उतरवलात तर गाणं सीडीच्याही खाली जाईल.

ब्लू-रेवरही २४ऐवजी बहुधा २३.९७६ फ्रेम असतात. त्यामुळे कधीकधी ०.१ टक्का फरक पडतो. कानाला तो कळत नाही, पण ५ मिनिटांत ०.३ सेकंदांचा घसरा साचतो. ट्रॅकच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवताना लक्षात असू द्या.

तबकडी_आणि_टेप

हे सगळं निस्तरलं तरी मूळ प्रश्न उरतोच: दोन्हीकडे वादन तरी एकच आहे का?

पिंक फ्लॉइडचं 'पल्स' घ्या. फिल्म २० ऑक्टोबर १९९४ची, लंडनच्या अर्ल्स कोर्टमधली. अल्बम मात्र त्याच दौऱ्यातल्या अनेक रात्रींमधून निवडलेला, वर त्याचं मिक्स क्यूसाउंड या, दोन स्पीकरमधूनच आवाज जास्त रुंद भासवणाऱ्या तंत्राचं. म्हणजे अल्बममध्ये जी रुंदी ऐकू येते ती सभागृहाची समजू नका. टॉकिंग हेड्सच्या 'स्टॉप मेकिंग सेन्स'ची तऱ्हा वेगळी: १९८४च्या अल्बमवर ९च गाणी, १९९९च्या आवृत्तीत १६, आणि २०२३मध्ये पूर्ण कार्यक्रम. नुसतं 'अल्बम' म्हणून भागत नाही, कुठली आवृत्ती ते सांगावं लागतं. तबकडीच्या एका बाजूला २० ते २२ मिनिटंच नीट मावतात, त्यामुळे त्या काळात काटछाट व्हायचीच.

वादन एकच आहे का हे तपासायला हेडफोन उत्तम. फिल्मचा मोनो डाव्या कानात, अल्बमचा उजव्या कानात, आणि एक स्नेअर ठोका नेमका जुळवा. वादन एकच असेल तर ठोके एकत्र राहतात, किंवा एकाच दिशेने हळूहळू सरकतात (तो वेगाचा फरक). रात्र वेगळी असेल तर चारसहा आवर्तनांतच ठोके कधी पुढे, कधी मागे असे भटकायला लागतात. आणि सगळं जुळलेलं असताना एका जागी खाडकन उडी आली तर तिथे कात्री लागलेली आहे. ड्रम जुळतात पण गायकाच्या ओळी जुळत नाहीत, असं आढळलं तर गळा नंतर स्टुडिओत भरलेला समजा.

मोनो_बरा

म्हणून तर फिल्मच खरी. तिथे ओठ दिसतात, लपवाछपवी चालत नाही.

तबकडी_आणि_टेप

चालते की. १९७६च्या कार्यक्रमावरच्या 'द लास्ट वॉल्ट्झ'मध्ये नंतर स्टुडिओत बरीच डागडुजी झाली, हे जगजाहीर आहे. ओठ जवळून दिसत नसतील तिथे काहीही बदलता येतं. आणि फिल्मचं मिक्स चित्रामागे जातं: कॅमेरा गिटारवर गेला की गिटार दोनेक डेसिबल वर येते, कॅमेरा हटला की खाली. पडदा बंद करून ऐका, हे चढउतार विनाकारण वाटायला लागतात. अल्बममध्ये समतोल शेवटपर्यंत एका हिशोबाने चालतो. सतत ऐकायला मी अल्बमच लावेन. फिल्मच्या बाजूने एवढंच, की तिथे लिमिटर (आवाजाचे माथे दाबणारं साधन) पुष्कळदा कमी असतो. पातळी समान करून दोन्हींचे वेव्हफॉर्म वर-खाली ठेवा: फिल्मच्या स्नेअरचे काटे उंच आणि सीडीचे माथे कापल्यासारखे दिसले, तर सीडी दाबलेली आहे.

खर्ज_षड्ज

पातळी समान करायची ती पूर्ण ट्रॅकच्या लाउडनेसवरून का?

फेडर_खाली

नको, पूर्ण ट्रॅकच्या मोजणीत टाळ्याही येतात आणि त्या दोन्हीकडे सारख्या नसतात. गाणं भरात असतानाचे तेच ३० सेकंद दोन्हींतून कापा, फक्त त्यांचा लाउडनेस मोजा. मोठा आहे त्याला खाली आणा, लहान्याला वर चढवू नका. फरक ०.२ डेसिबलच्या आत आला की पुरे. आणि हे वेग दुरुस्त केल्यावर, ५.१ची बेरीज झाल्यावर, सगळ्यात शेवटी करा. आधी केलंत तर पुन्हा करावं लागेल.